मुळावरची गाठ आणि मार्टिनस बायेरिंक

भिवंडी परिसरात भात कापणीनंतर जमिनीच्या अंगओलाव्यावर वाल, हरभरा घेतला जातो. वालाचे रोप मातीसह अलगद उपटून पाहा. मुळांवर बारीक गाठी दिसतील. त्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र पिकाला मिळवून देतात. हे जिवाणू पहिल्यांदा वेगळे करून वाढवले ते मार्टिनस बायेरिंक यांनी.

त्यांचा जन्म १८५१ मध्ये हॉलंडमधील ॲम्स्टरडॅम येथे झाला. वडिलांचा तंबाखूचा व्यापार बुडाला, त्यामुळे घरची परिस्थिती बेताची होती. तरीही मार्टिनस शिकले. झाडांच्या पानाफांद्यांवर कीटकांमुळे येणाऱ्या गाठींचा अभ्यास करून १८७७ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. बाहेरचा जीव झाडाला नवा अवयव घडवायला कसा लावतो, हा प्रश्न तेव्हापासून त्यांच्या मनात होता.

काही वर्षे त्यांनी वाखेनिंगनच्या कृषी शाळेत शिकवले. १८८५ मध्ये ते डेल्फ्ट येथील यीस्ट आणि मद्यार्काच्या कारखान्यात नोकरीला लागले. दरम्यान १८८६ मध्ये जर्मनीच्या हेलरीगेल यांनी द्विदल पिके गाठींमुळे हवेतला नत्र वापरतात, हे दाखवले होते. पण गाठीतला जीव कोणाच्या हाती आला नव्हता. १८८८ मध्ये बायेरिंक यांनी तो वेगळा केला. पुढे बाकल्याच्या रोपांना त्याची मुद्दाम लागण करून त्यांनी मुळांवर गाठी आणून दाखवल्या. १८९५ मध्ये ते डेल्फ्टला प्राध्यापक झाले. तंबाखूच्या केवडा रोगावरील त्यांच्या कामातून विषाणूशास्त्राचा पाया घातला गेला. १ जानेवारी १९३१ रोजी त्यांचे निधन झाले.

जिवाणू आणि मूळ एकमेकांना ओळखतात कसे, हे मात्र त्यांच्या निधनानंतर अनेक दशकांनी उलगडले. मूळ फ्लॅव्होनॉइड नावाची द्रव्ये मातीत सोडते. योग्य जिवाणूला ती खूण पटली, की तो उलट 'नॉड फॅक्टर' नावाचे द्रव्य सोडतो. १९९० मध्ये त्याची रचना समजली. हे द्रव्य मिळाल्यावर मूळरोम वळतो, जिवाणूला आत वाट मिळते आणि गाठ तयार होते. कुलूप आणि किल्ली जुळावी तसा हा प्रकार आहे. म्हणून वाल, चवळी, मूग यांना एका गटाचा रायझोबियम चालतो; हरभऱ्याला वेगळा लागतो आणि सोयाबीनला वेगळा.

तेव्हा पेरणीपूर्वी एवढे करा :

• जिवाणू संवर्धकाच्या पाकिटावर पिकाचे नाव आणि वापराची अंतिम तारीख पाहूनच खरेदी करा. हरभऱ्याचे पाकीट वालाला वापरू नका.

• १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम संवर्धक गुळाच्या थंड द्रावणातून हलक्या हाताने चोळा. बियाणे सावलीत सुकवून लगेच पेरा.

• बुरशीनाशक लावायचे असल्यास ते आधी, संवर्धक सर्वांत शेवटी.

• शिफारशीपेक्षा जास्त युरिया देऊ नका. नत्र आयता मिळाला, की पीक गाठी कमी धरते.

• फुलोऱ्यापूर्वी दोन-चार रोपे उपटून गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी-लाल दिसली, तर नत्राचे काम चालू आहे. आतून पांढरी असेल, तर गाठ कोवळी तरी आहे किंवा कामाची नाही. आठवड्याने पुन्हा तपासा.

पाकिटात जिवंत जीव आहे, हे विसरू नका. ते उन्हात किंवा तापलेल्या पत्र्याखाली ठेवले, तर जिवाणू मरतात आणि मुळाच्या हाकेला ओ द्यायला कोणी उरत नाही.