कार्पेट साहेब आणि झाडावरची रात्र

शेतकरी बंधूंनो, भात निसवलं की बारवीच्या बाजूची रानडुकरं खाली उतरतात, हे अंबरनाथ-बदलापूरकडच्या माणसाला सांगायला नको. दिवसा एमआयडीसीत पाळी करायची आणि रात्री शेतातल्या माळ्यावर जागलीला बसायचं, असे आपल्यात कितीतरी जण आहेत. गंमत अशी, की हाच माणूस कंपनीत पत्र्यावर चढताना कमरेला सेफ्टी बेल्ट लावतो, सुपरवायझर लावायलाच लावतो. गावात मात्र एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात डबा घेऊन तो ओल्या ऐनावर चढतो. खाली पडला तर विचारणारा कोणी नाही. म्हणून आज खत-बियाणं बाजूला ठेवून, ज्याचं अर्धं आयुष्य झाडावर बसण्यात गेलं, अशा एका माणसाचं चरित्र तुम्हाला सांगतो. शिकार करायला 1972 च्या वन्यजीव कायद्यानं बंदी आहे, ती शिकायची नाही. झाडावर चढावं कसं आणि टिकावं कसं, एवढंच त्याच्याकडून घ्यायचं.

जिम कॉर्बेट यांचा जन्म 25 जुलै 1875 चा, नैनितालचा. वडील पोस्टमास्तर होते. ते लवकर वारले आणि घर आईनं सांभाळलं. हिवाळ्यात हे कुटुंब पायथ्याशी काळाढुंगीला राहायला यायचं. तिथल्या जंगलात कुंवरसिंग नावाच्या गावकऱ्यानं या पोराला रानाचे पहिले धडे दिले. पुढे कॉर्बेट रेल्वेत लागले, बिहारमध्ये मोकामाघाटला गंगेवर माल उतरवून चढवण्याचं कंत्राट त्यांनी वीस वर्षांवर सांभाळलं. म्हणजे तेही पोटासाठी नोकरी-धंदा करणारेच होते. नरभक्षकाच्या मागे जायचे ते रजा काढून, वेळात वेळ काढून. कुमाऊँचे लोक त्यांना कार्पेट साहेब म्हणायचे.

1907 साली त्यांनी चंपावतची वाघीण मारली. तिच्या नावावर 436 माणसं होती. ती मारली जमिनीवर उभं राहून, गावकऱ्यांच्या हाक्यानं. खरी झाडावरची कसोटी लागली ती 1910 साली, पनारच्या बिबट्याच्या वेळी. या बिबट्यानं सुमारे चारशे माणसं नेली होती. आता नीट लक्ष द्या. वाघ सहसा झाडावर चढत नाही, पण बिबट्या मांजरासारखा सरसर चढतो. म्हणजे बिबट्यासाठी उंची हे संरक्षणच नाही. कॉर्बेटना बसायला मिळालं ते उताराकडे कललेलं झाड, तेही फार उंच नाही. कललेल्या खोडावरून बिबट्या चालतच वर आला असता. त्यांनी माणसांकडून काटेरी झुडपांच्या लांब फांद्या तोडून आणवल्या आणि त्या खोडाला दोरानं घट्ट आवळून बांधल्या. खाली बकरी बांधली आणि ते बसले.

अंधार पडल्यावर बिबट्या बकरीकडे गेला नाही, थेट झाडाकडे आला. काटे दातांनी धरून ओढायला लागला. एक गाठ जरी सुटली असती, तर आज हे चरित्र लिहायला उरलं नसतं. गाठी टिकल्या. कंटाळून बिबट्या बकरीकडे वळला, तेव्हा गोळी झाडता आली. जखमी बिबट्याला त्याच रात्री चिडाच्या मशाली पेटवून शोधायला गेले, तेव्हा तो अंगावर आला, सोबतची माणसं पळाली. ते धाडस होतं खरं, पण माझ्या मते त्या रात्रीचं मोठं काम संध्याकाळी उजेड असतानाच झालं होतं.

पहिल्या महायुद्धात 1917 साली पाचशे कुमाऊँनी माणसांची तुकडी घेऊन ते फ्रान्सला गेले. परत आल्यावर रुद्रप्रयागचा बिबट्या त्यांच्या वाट्याला आला. 1918 ते 1926 या काळात त्यानं केदारनाथ-बद्रीनाथच्या यात्रामार्गावर 125 माणसं मारल्याची सरकारी नोंद आहे. त्याच्यासाठी कॉर्बेट झुलत्या पुलाच्या बुरुजावर शिडी लावून वीस रात्री बसले. बुरुजावर सावली नाही, आडोसा नाही, नुसतं वारं. बिबट्या काही तिकडे फिरकला नाही. शेवटी गुलाबराईला रस्त्यावर झुकलेल्या आंब्याच्या झाडात मचाण बांधून सलग दहा-अकरा रात्री काढल्या. 2 मे 1926 च्या रात्री बकरीच्या गळ्यातली घंटा वाजली, बॅटरी क्षणभर लागली आणि गोळी सुटली. पुढे काय झालं ते अंधारात दिसेना. तरी हा माणूस खाली उतरला नाही. उजाडेपर्यंत तिथंच बसून राहिला. सकाळी खाली पाहिलं तर बिबट्या मरून पडलेला. आपण मात्र कुत्रं भुंकलं, की रात्री दोन वाजता घाईघाईनं खाली उतरतो. माणूस चढताना पडतो, तसा उतरतानाही पडतो.

आता कामाचं बोलू. अमेरिकेत हरणाच्या शिकारीला झाडावर बसणारे लोक खोडात खिळे मारत नाहीत. पट्ट्यानं खोडाला आवळायच्या लोखंडी पायऱ्या वापरतात. तोच विचार आपल्या माळ्यालाही लागू आहे. खिळा गंजतो, भोवतालचं लाकूड कुजतं आणि दुसऱ्या पावसाळ्यात पाय ठेवताच तो निघून येतो. पट्टा आवळला, की पायरीवर आधी खालूनच जोर देऊन ती खोडात बसू द्यावी, मग पुन्हा आवळावी. ऐनाची साल जाड आणि भेगाळ असते. पट्टा घट्ट वाटतो, पण सुटी ढलपी निघाली की पायरी सरकते. म्हणून ढलपी काढून घ्यावी. शेवगा, पांगारा ही ठिसूळ झाडं, त्यांच्या वाटेला जाऊच नये. पायऱ्यांमधलं अंतर आपल्या ढांगेपेक्षा कमीच ठेवावं. चढताना दोन पाय आणि एक हात किंवा दोन हात आणि एक पाय कायम टेकलेले असावेत. डबा, बॅटरी, घोंगडी दोरीनं मागाहून वर ओढून घ्यावी. सेफ्टी बेल्ट जमिनीवरूनच झाडाला अडकवायचा, वर पोचल्यावर नाही, कारण पडायची वेळ मधेच येते. ट्रकवर माल आवळायचा पट्टा हा माणूस पेलायचा बेल्ट नव्हे. कंपनीतून भंगारात निघालेला बेल्ट तर घरी आणूच नका. उन्हानं पट्ट्याचा धागा मरतो, वरून नवा दिसला तरी. हंगाम संपला की पट्टे सोडून घरात ठेवावेत, झाड वाढतं आणि पट्टा सालीत रुततो.

शेतकऱ्याला कॉर्बेट यांची आणखी एक गोष्ट जवळची वाटेल. काळाढुंगीला त्यांनी छोटी हल्द्वानी नावाचं पडीक गाव विकत घेऊन कुळं बसवली. डुकरं आणि हरणं पीक ठेवत नाहीत, म्हणून बंदुकीवर विसंबून न राहता गावाभोवती दगडी भिंत घातली. रानडुकरांसाठी एकट्याच्या माळ्यापेक्षा सर्वांनी मिळून घातलेलं कुंपण बरं, हे सरपंच मंडळींनी मनावर घ्यायला हवं. तरीही नुकसान झालंच, तर लगेच वनविभागाला कळवून पंचनामा करून घ्या, भरपाई मिळते.

उतारवयाकडे झुकताना त्यांच्या हातात कॅमेरा आला. पूर्वीच्याच चिकाटीनं बसून ते वाघांचं चित्रण करू लागले. 1936 साली हेली नॅशनल पार्क झालं, त्यासाठी त्यांनी खटपट केली होती. पुढे त्याच उद्यानाला त्यांचं नाव दिलं गेलं. शेवटचा नरभक्षक त्यांनी 1938 साली ठाकला मारला, त्या वेळी वय 63 होतं.

1947 साली बहीण मॅगीबरोबर ते केनियात न्येरीला गेले. तिथं अंजिराच्या जातीच्या एका प्रचंड झाडावर ट्रीटॉप्स नावाचं हॉटेल होतं. तिथवर जाणाऱ्या पायवाटेच्या कडेच्या झाडांनाही पायऱ्या ठोकलेल्या होत्या. वाटेत हत्ती किंवा गेंडा आडवा आला, तर माणसानं पटकन वर चढावं म्हणून. 5 फेब्रुवारी 1952 ला ब्रिटनची राजकन्या एलिझाबेथ तिथं मुक्कामाला आली. 76 वर्षांचे कॉर्बेट त्या रात्री शिडीच्या वरच्या टोकाशी राखणीला बसून राहिले. बिबट्या शिडीवरूनही येऊ शकतो, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार! त्याच रात्री तिकडे इंग्लंडमध्ये सँड्रिंगहॅमला राजा वारला आणि वर चढताना राजकन्या असलेली ती मुलगी खाली उतरली ती राणी म्हणून. 1954 साली ते झाड आणि हॉटेल माऊ माऊ बंडात जळालं. 19 एप्रिल 1955 रोजी कॉर्बेट न्येरीलाच वारले. त्यांचं शेवटचं पुस्तक याच झाडावरच्या रात्रीबद्दल आहे, ते त्यांच्या मृत्यूनंतर त्याच वर्षी छापून आलं.