नाव कंपनीचे, कर्तृत्व लुईंचे

साठच्या दशकातील शेव्हरोले सी-१० हा पिकअप ट्रक अमेरिकेतील हौशी मंडळी नव्याने घडवितात. पोलादी स्प्रिंगच्या जागी हवेच्या पिशव्या आणि बॉनेटखाली ४००-५०० अश्वशक्तीचे इंजिन. हवा सोडली की ट्रक जमिनीला टेकतो, भरली की उचलला जातो. त्याच्या मागील फळीवर ज्यांचे नाव आहे, ते लुई शेव्हरोले याच जातीचे खटपटे.

१८७८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये एका घड्याळजीच्या घरी जन्मलेले लुई अमेरिकेत शर्यतपटू म्हणून गाजले. १९११ मध्ये विल्यम ड्युरंट यांच्यासह त्यांनी कंपनी काढली. ड्युरंटना स्वस्त मोटार हवी होती, लुईंना दमदार. १९१३ मध्ये लुई बाहेर पडले. नाव मात्र कंपनीकडेच राहिले. स्वतःच्याच नावाला मुकणे म्हणजे काय, याची कल्पनाच केलेली बरी!

पुढची निर्मिती त्यांना ‘फ्रंटेनॅक’ या नावाने करावी लागली. १९२० ची इंडियानापोलिस शर्यत त्यांनी घडविलेल्या मोटारीतून धाकटे बंधू गास्तों यांनी जिंकली. त्याच वर्षी गास्तों दुसऱ्या एका शर्यतीत मृत्युमुखी पडले. फोर्डच्या जेमतेम २० अश्वशक्तीच्या ‘मॉडेल टी’चा जोर वाढविणारे फ्रंटेनॅकचे सिलिंडर हेड त्या काळी शर्यतबाजांत लोकप्रिय होते. जुन्या गाडीत नवा दम भरण्याचा हाच तो उद्योग.

१९४१ मध्ये डेट्रॉइट येथे लुईंचे निधन झाले. दफन झाले ते इंडियानापोलिसला, शर्यतीच्या गावी.