संशयी प्रेषिताचा अदृश्य राजवाडा

युरोपातील जुन्या चर्चच्या रंगीत काचांवर येशूंचे बारा प्रेषित ओळखायचे ते त्यांच्या हातातील चिन्हांवरून. संत पीटर यांच्याकडे किल्ल्या, संत अँड्र्यू यांच्याजवळ तिरपा क्रूस, तर संत थॉमस यांच्या हाती सुताराचा गुण्या किंवा भाला. गुण्यात त्यांचा व्यवसाय आणि भाल्यात त्यांचा मृत्यू सूचित होतो. या दोन्ही चिन्हांमागील आख्यायिका मात्र भारतात घडतात.

थॉमस या नावाचा अर्थ जुळा. योहानाच्या शुभवर्तमानानुसार, जिवाला धोका असताना येशू यहूदियाकडे निघाले, तेव्हा त्यांच्यासोबत मरणही पत्करू, असे इतर शिष्यांना सांगणारे थॉमसच होते. पुढे पुनरुत्थानाची वार्ता आली, तेव्हा जखमांना स्वतः स्पर्श केल्याखेरीज विश्वास ठेवण्यास त्यांनी नकार दिला. त्यांचे ते धैर्य विस्मरणात गेले आणि 'संशयी' हे विशेषण तेवढे कायमचे चिकटले.

तिसऱ्या शतकातील 'थोमाची कृत्ये' हा सिरियाक ग्रंथ पुढची कथा सांगतो. प्रेषितांनी चिठ्ठ्या टाकून जगाची वाटणी केली आणि थॉमस यांच्या वाट्याला भारत आला. ते जाण्यास तयार होईनात, तेव्हा येशूंनी हब्बान नावाच्या व्यापाऱ्याला त्यांची दास म्हणून विक्री केली. राजा गोंडोफर्नेस याने राजवाड्यासाठी दिलेले धन थॉमस यांनी गोरगरिबांना वाटून टाकले. संतप्त राजाने त्यांना कैदेत टाकले. पण मृत्यू पावलेला त्याचा भाऊ पुन्हा जिवंत झाला आणि तो राजवाडा आपण स्वर्गात पाहिला, असे त्याने सांगितले. पुढे दुसऱ्या एका राजाच्या आज्ञेवरून सैनिकांनी थॉमस यांना भाल्यांनी ठार केले. फ्रान्समधील शार्त्र व बूर्ज येथील कॅथेड्रलमध्ये थॉमस यांचे चरित्र तेराव्या शतकातील काचांवर चितारलेले आहे. न दिसणारा वाडा उभारणारे थॉमस पुढे वास्तुविशारदांचे आश्रयदाते संत ठरले.

गोंडोफर्नेस हा राजा दीर्घकाळ काल्पनिकच मानला जाई. एकोणिसाव्या शतकात अफगाणिस्तान व पंजाबात त्याच्या नावाची नाणी मिळाली आणि तख्त-ई-बाहीच्या शिलालेखातून त्याचा काळ पहिल्या शतकाच्या पूर्वार्धातील असल्याचे स्पष्ट झाले. राजा खरा ठरला. थॉमस त्याच्या दरबारी आले होते, हे मात्र त्यातून सिद्ध होत नाही.

केरळच्या ख्रिस्ती समाजाची परंपरा वेगळी आहे. तिच्यानुसार थॉमस इ.स. 52 मध्ये मुझिरिस बंदराजवळ उतरले आणि 72 मध्ये चेन्नईतील मैलापूर येथे हुतात्मा झाले. तेथील सॅन थोम बॅसिलिका त्यांच्या समाधिस्थानी उभी आहे, अशी श्रद्धा आहे. त्यांचे अवशेष मानल्या जाणाऱ्या अस्थी एडेसामार्गे 1258 मध्ये इटलीतील ऑर्टोना येथे पोहोचल्या. 3 जुलै हा त्यांचा स्मृतिदिन.

प्रत्यक्ष पुराव्याचा आग्रह धरणाऱ्या या प्रेषिताच्या भारतयात्रेचा निर्विवाद पुरावा इतिहासाला अद्याप सापडलेला नाही. परंतु त्यांचा वारसा सांगणारा समाज शतकानुशतके या देशात नांदतो आहे आणि काचेवरील थॉमस यांच्या हातातला गुण्या अजूनही तसाच आहे.