शिकाऊ मुलांचे कैवारी संत जॉन बॉस्को

ख्रिस्तसभा दरवर्षी ३१ जानेवारी रोजी संत जॉन बॉस्को यांचा सण साजरा करते. शाळांमुळे ‘डॉन बॉस्को’ हे नाव आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु हे संत स्वतः शिंपीकाम शिकले होते आणि कारागीर मालक व शिकाऊ मुले यांच्यातील तंटे टाळण्यासाठी त्यांनी करारनामे करून घेतले, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

जॉन यांचा जन्म १६ ऑगस्ट १८१५ रोजी उत्तर इटलीतील बेक्की या खेड्यात झाला. ते दोन वर्षांचे होण्याआधीच वडील वारले. आई मार्गारेट हिने शेतात राबून मुलांना वाढवले. सावत्र भाऊ अंतोनियो याला जॉन यांचे शिकणे पसंत नव्हते. घरातील भांडण विकोपाला गेले, तेव्हा १८२८ साली आईने जड अंतःकरणाने या लहान मुलाला दुसऱ्याच्या शेतावर गडी म्हणून पाठवले. पुढे कास्तेलनुओवो येथील शाळेत शिकताना ते रोबेर्तो नावाच्या शिंप्याच्या घरी राहिले. फावल्या वेळात ते काज-बटण करू लागले, तुरपाई शिकले आणि मग कापड बेतायलाही शिकले. त्यांचा हात पाहून रोबेर्तोने त्यांना दुकानातच राहण्याचा आग्रह केला. पण जॉन यांना धर्मगुरू व्हायचे होते. ५ जून १८४१ रोजी त्यांना तुरीन शहरात गुरुदीक्षा मिळाली.

त्याच वर्षी ८ डिसेंबरला, निष्कलंक मातेच्या सणाच्या दिवशी, ते मिस्साची तयारी करीत होते. बार्तोलोमेओ गारेल्ली नावाचा गवंडीकाम करणारा अनाथ मुलगा थंडीपासून आडोसा शोधत चर्चमध्ये आला होता. त्याला मिस्साची सेवा करता येत नाही म्हणून तेथील सेवकाने त्याला मारून हाकलले. डॉन बॉस्को यांनी त्याला परत बोलावले, आपला मित्र म्हटले आणि मिस्सानंतर धर्मशिक्षणाचा पहिला धडा दिला. त्या एका मुलापासून त्यांचे कार्य सुरू झाले.

त्या काळी खेड्यापाड्यांतून शेकडो मुले कामासाठी तुरीनला येत. कारागिरांचे जुने संघ १८४४ साली बंद झाले होते. मालकाने मुलाला कसे वागवावे हे पाहणारे कोणी उरले नव्हते. डॉन बॉस्को आठवडाभर बांधकामांवर आणि कारखान्यांत जाऊन आपल्या मुलांची चौकशी करीत. पण नुसत्या चौकशीने भागेना, म्हणून त्यांनी मालकाशी लेखी करार करण्याची प्रथा सुरू केली.

असा एक करारनामा ८ फेब्रुवारी १८५२ रोजी स्टॅम्प पेपरवर झाला. मालक होता बेर्तोलीनो नावाचा सुतार आणि शिकाऊ मुलगा होता जुझेप्पे ओदास्सो. तंटे कशावरून होत, हे त्यातील कलमांवरूनच कळते. मालकाने दोन वर्षांत मुलाला धंदा शिकवावा. धंद्याबाहेरच्या कामाला त्याला जुंपू नये. चूक झाल्यास शब्दांनी समजवावे, हात उगारू नये. रविवार आणि सणाचे दिवस पूर्ण मोकळे ठेवावेत. वर्षाला पंधरा दिवस सुटी द्यावी. मजुरी दर आठवड्याला द्यावी : पहिले सहा महिने दिवसाला ३० सेंट, पुढील सहा महिने ४० आणि दुसऱ्या वर्षी ६०.

हा करार एकतर्फी नव्हता. मुलानेही मन लावून काम करण्याचे, आज्ञाधारक राहण्याचे वचन दिले होते. नुकसान झाल्यास मुलाचे वडील जामीन होते. मुलाच्या वर्तनाकडे लक्ष देण्याची जबाबदारी डॉन बॉस्को यांनी स्वतःवर घेतली आणि सर्वांबरोबर त्यांनीही सही केली.

१८५३ साली त्यांनी वाल्दोको येथे स्वतःच्या घरीच चांभारकाम आणि शिंपीकाम यांचे वर्ग सुरू केले. शिंपीकामाचे पहिले शिक्षक ते स्वतःच होते. मुलांचे कपडे रात्री जागून शिवणारी, ठिगळे लावणारी आई मार्गारेट त्यांच्या सोबतीला होती. पुढे पुस्तकबांधणी, सुतारकाम, छपाई आणि लोहारकाम आले. पण तंटे तिथेही संपले नाहीत. बाहेरून आणलेल्या उस्तादांचे लक्ष मुलांच्या शिकण्यापेक्षा स्वतःच्या मिळकतीवर असे. पगाराची आणि हत्यारांची व्यवस्था वेगवेगळ्या प्रकारे लावून पाहिली, तरी मेळ बसेना. शेवटी सगळा भार त्यांनी स्वतःवर घेतला आणि हळूहळू सालेशियन संस्थेचे व्रतस्थ बंधूच उस्ताद म्हणून तयार केले.

३१ जानेवारी १८८८ रोजी त्यांचे निधन झाले. १ एप्रिल १९३४ रोजी, पुनरुत्थानाच्या रविवारी, त्यांना संतपद देण्यात आले. १९५८ साली पोप बारावे पायस यांनी त्यांना इटलीतील शिकाऊ कामगारांचे आश्रयदाते म्हणून घोषित केले. भारतात लेखी करार आणि विद्यावेतन यांची तरतूद असलेला शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ साली झाला.

आपल्या रत्नागिरीतही शिलाईच्या दुकानांत, गॅरेजमध्ये, बेकरीत काम शिकणारी मुले-मुली आहेत. काही मुंबईची वाट धरतात. ज्यांच्या हाताखाली एखादे पोर आहे, त्यांनी स्वतःला विचारावे : मी याला धंदा शिकवतो आहे की नुसता चहा आणायला पाठवतो आहे? याची मजुरी वेळेवर देतो का? रविवारी याला मिस्साला जाता येते का? आईवडिलांनीही मुलाला कामावर ठेवून मोकळे होऊ नये. अधूनमधून दुकानात डोकवावे. आणि शिकणाऱ्या मुलांनो, अर्धवट शिकून काम सोडू नका. शिवण उसवली तर ती पुन्हा घालता येते. विश्वास उसवला तर मात्र फार कष्ट पडतात.

संत जॉन बॉस्को, आमच्यासाठी विनंती करा.