टिपूच्या कैदेतून सुटलेल्या मराठी माणसाने मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधलं, अन् त्यासाठी ग्रंथ आणायला गेला तो परत आलाच नाही

मुंबईत सीएसएमटीवरून लोकल सुटली की पहिलं स्टेशन लागतं मस्जिद. पारनेर, जुन्नर, खेडच्या कित्येक घरांतला एखादा तरी माणूस या स्टेशनवर उतरून बाजारात कामाला गेलेला असतो. रोज हजारो लोक इथं चढतात, उतरतात. स्टेशनचं नाव मस्जिद आहे म्हणजे जवळपास एखादी जुनी मशीद असणार, असं समजून पुढं जातात.

पण जुने लोक सांगतात की या नावामागची मशीद मुसलमानांची नाही, ज्यूंची आहे. आसपासचे लोक ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला मशीदच म्हणायचे. ती बांधणारा माणूस अस्सल मराठी होता. नाव सामाजी हसाजी दिवेकर.

त्यांचं धर्मातलं नाव शमुवेल एझेकिएल. शमुवेलचं झालं सामाजी, एझेकिएलचं झालं हसाजी आणि कोकणातल्या दिवे गावावरून आडनाव पडलं दिवेकर.

कोकणात हे ज्यू आले कुठून?

बेने इस्राएल समाजाची आठवण अशी आहे की, फार पूर्वी अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर एक जहाज फुटलं. त्यातून सात जोडपी वाचली आणि कोकणातच राहिली. त्यांचे धर्मग्रंथ समुद्रात गेले. पुढच्या पिढ्या मराठी बोलू लागल्या. किहिमचे किहिमकर झाले, पेणचे पेणकर झाले, रोह्याचे रोहेकर झाले. पोटापाण्यासाठी त्यांनी तेलाचा घाणा धरला.

आता गंमत बघा. ग्रंथ गेले, हिब्रू गेली, पण काही नियम राहिले. शनिवारी घाणा बंद. बैलालाही सुट्टी, कारण ज्यू धर्माच्या दहा आज्ञांमध्ये शब्बाथच्या दिवशी जनावरालाही विश्रांती द्यायला सांगितली आहे. गावकऱ्यांनी त्यांना नावच दिलं, शनिवार तेली. मुलगा झाला की आठव्या दिवशी सुंता. खवले आणि पर नसलेला मासा खायचा नाही. आणि शेमा ही एक प्रार्थना, जन्मापासून मरणापर्यंत प्रत्येक वेळी तीच म्हणायची.

सणांची नावंही मराठीच होती. वर्षारंभाचा तो नव्याचा सण. उपवास आणि प्रायश्चित्ताचा तो दारफाळणीचा सण, म्हणजे घराची दारं लावून आत बसायचं.

थोडक्यात, पुस्तक नसताना कायदा टिकला होता. तो घराघरातल्या सवयीत टिकला होता. पण सवयीवर चालणाऱ्या धर्माची एक अडचण असते. म्हातारी माणसं गेली की त्यांच्यासोबत थोडा थोडा धर्मही जातो. चूक झाली तर दुरुस्त करायला काही लिहिलेलं हाताशी नसतं.

कोचीनच्या ज्यूंना यांचा पत्ता लागला

केरळातल्या कोचीनला ज्यूंची मोठी वस्ती होती. त्यांच्याकडे ग्रंथ होते, शिकलेली माणसं होती, 1568 सालचं सिनेगॉग होतं. तिथले मोठे व्यापारी एझेकिएल राहबी यांनी 1768 मध्ये हॉलंडला एक पत्र पाठवलं, त्यात कोकणातल्या या तेली ज्यूंचा उल्लेख आहे. यांना शेमा आणि शब्बाथ यापलीकडे फारसं काही माहीत नाही, असा त्याचा सूर होता.

बेने इस्राएलांच्या परंपरेतही राहबी हे आडनाव येतं. डेव्हिड राहबी नावाच्या गृहस्थाने कोकणात येऊन तीन घराण्यांतल्या तरुणांना शिकवलं आणि त्यांना काजी नेमलं, असं सांगतात. हे काजी गावोगाव फिरून लग्नं लावायचे, तंटे सोडवायचे.

त्याच काळात आणखी एक बदल चालू होता. अठराव्या शतकाच्या मध्यापासून बेने इस्राएल मुंबईला येऊ लागले होते. ईस्ट इंडिया कंपनीला शिपाई हवे होते आणि कोकणातल्या या तेल्यांच्या पोरांना घाण्यापेक्षा पलटण बरी वाटली. सामाजी दिवेकर आणि त्यांचा भाऊ कंपनीच्या सैन्यात गेले ते याच लाटेत. सामाजी शिपाईगिरीत वरच्या हुद्द्यापर्यंत पोहोचले.

टिपूची कैद

1780 ते 1784 या काळात इंग्रज आणि म्हैसूर यांच्यात दुसरं युद्ध झालं. या धामधुमीत दिवेकर बंधू म्हैसूरच्या हाती सापडले.

पुढचा प्रसंग समाजात आजही सांगितला जातो. कैद्यांचा निवाडा चालू होता. दिवेकरांना त्यांची जात विचारली. त्यांनी आपण बेने इस्राएल आहोत असं सांगितलं. बेने इस्राएल म्हणजे इस्राएलची लेकरं. हे नाव कुराणात येतं, त्यामुळं टिपूच्या आईला ते ओळखीचं वाटलं. कुराणात ज्यांचा उल्लेख आहे ती माणसं समोर आहेत, त्यांना मारू नका, असा तिने शब्द टाकला आणि त्यांचा जीव वाचला. दुसऱ्या एका आठवणीत सुटकेसाठी कोचीनच्या ज्यूंनी मदत केल्याचं सांगतात.

कैदेत असताना सामाजींनी नवस केला होता. इथून जिवंत सुटलो तर मुंबईत देवाचं घर बांधीन.

1796: दयेचं दार

सामाजी सुटले, मुंबईला परतले आणि त्यांनी नवस फेडला. 1796 मध्ये मांडवी भागात मुंबईतलं पहिलं सिनेगॉग उभं राहिलं. त्याचं हिब्रू नाव शआर हारहमीम, म्हणजे दयेचं दार. ज्याला शत्रूच्या दरबारात दया मिळाली, त्याने बांधलेल्या घराला हे नाव शोभून दिसतं.

ही नुसती प्रार्थनेची इमारत नव्हती. आतापर्यंत समाज गावागावांत विखुरलेला होता, आता त्याला बसायला एक जागा मिळाली. बेने इस्राएल समाजाचा कारभार कसा चालायचा ते बघितलं तर त्यात आपलं मराठी गाव दिसतं. वर मुकादम, त्याच्या हाताखाली चौगुला. पैशाचा हिशेब ठेवणारा तो गब्बाय. प्रार्थना चालवणारा हझान आणि देखरेख करणारा समाश. मुकादम आणि चौगुला आपल्या मातीतले, बाकीचे शब्द हिब्रूतले. लग्नं, भांडणं, देणग्या, मयत, सगळं याच मंडळींसमोर यायचं.

म्हणजे समाजातले भेद संपले असं नाही. गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असा भेद पुढंही बराच काळ राहिला. जातीचं वारं त्यांनाही लागलं होतं.

मग ते कोचीनला का गेले?

सिनेगॉग बांधलं, माणसं जमली, पण मुख्य गोष्टच नव्हती. ती म्हणजे सेफेर तोरा.

तोरा म्हणजे मोशेचे पाच ग्रंथ. सिनेगॉगमध्ये तो छापील पुस्तकातून वाचून चालत नाही. चामड्यावर, खास शाईने, जाणकार लेखकाने हाताने लिहिलेली गुंडाळी लागते. त्यात तीन लाखांहून जास्त अक्षरं असतात. एक अक्षर चुकलं किंवा पुसलं गेलं तरी दुरुस्त होईपर्यंत ती गुंडाळी वाचायला चालत नाही. एक लिहून पूर्ण व्हायला महिनोन् महिने जातात. तिचे 54 भाग करतात आणि वर्षभरात आठवड्या-आठवड्याने वाचून संपवतात. वाचनासाठी किमान दहा प्रौढ पुरुष हजर लागतात.

मुंबईत दहा माणसं मिळत होती. ती गुंडाळी लिहिणारा कुणी नव्हता. विकत घ्यायची किंवा मिळवायची तर जवळचं ठिकाण म्हणजे कोचीन.

तेव्हा सामाजी निघाले. तेव्हाचा मुंबई ते कोचीन प्रवास म्हणजे गलबताचा आणि वाऱ्याच्या भरवशाचा. ज्या माणसाने आयुष्य पलटणीत काढलं, कैद भोगली, तो एका ग्रंथासाठी पुन्हा दक्षिणेला गेला.

1797 मध्ये कोचीनलाच त्यांचं निधन झालं. आपण बांधलेल्या सिनेगॉगमध्ये ते उणंपुरं वर्षभरच वावरले.

त्यांच्यामागे काय झालं?

सामाजींनी धरलेली वाट मात्र बंद पडली नाही. 1826 च्या सुमारास कोचीनहून शिक्षक कोकणात आणि मुंबईत आले आणि प्रार्थना, हिब्रू वाचन शिकवू लागले. 1832 मध्ये जॉन विल्सन या मिशनऱ्याने मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. त्याला धर्मप्रसार करायचा होता, बेने इस्राएलांनी त्यातून हिब्रू शिकून घेतली आणि आपला धर्म आणखी पक्का केला.

1840 च्या दशकात मुंबईत दुसरं सिनेगॉग झालं. त्याला लोक नवी मशीद म्हणू लागले, तेव्हा सामाजींची आपोआप जुनी मशीद झाली. 1846 मध्ये वल्हांडणाच्या रात्री वाचायची हगादा मराठीत छापून आली. जोसेफ एझेकिएल राजपूरकर यांनी प्रार्थनांची मराठी भाषांतरं केली. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी 1875 मध्ये समाजासाठी शाळा काढली आणि पुढं समाजाचा इतिहास लिहून ठेवला. ज्यांच्याकडे एकही ग्रंथ नव्हता, त्या समाजात शंभर वर्षांच्या आत मराठी-हिब्रू पुस्तकांची रांग लागली.

1948 नंतर बरेच बेने इस्राएल इस्राएलला गेले. तिथं एक वेगळीच परीक्षा वाट बघत होती. 1960 च्या दशकात तिथल्या काही धर्मगुरूंनी यांच्या ज्यू असण्यावर आणि लग्नांवर शंका घेतली. शनिवारी घाणा बंद ठेवून ज्यांनी धर्म जपला, त्यांच्याकडेच पुरावा मागितला गेला. मोठं आंदोलन झालं आणि 1964 मध्ये इस्राएलच्या संसदेने हे लोक सर्वार्थाने ज्यू आहेत असं मान्य केलं.

आज भारतात ज्यूंची संख्या पाच हजारांच्या आसपास आहे. 2016 मध्ये महाराष्ट्र सरकारने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. 1860 मध्ये नव्याने बांधलेलं सामाजींचं सिनेगॉग आजही मांडवीत, सॅम्युएल स्ट्रीटवर उभं आहे. त्या रस्त्यातला सॅम्युएल म्हणजे आपले सामाजीच.

पुढच्या वेळी लोकलमध्ये मस्जिद स्टेशनचं नाव ऐकलं, तर शेजारच्याला ही गोष्ट नक्की सांगा.