मर्दनाला वैद्यकाच्या दारात नेणारे डॉ. मेट्सगर

'स्वीडिश मसाज' या नावाने जगभर जे मर्दन शिकवले जाते, त्याचा जनक म्हणून बहुतेक पुस्तकांत स्वीडनच्या पेर हेन्रिक लिंग यांचे नाव आढळते. लिंग यांचे कार्य थोर होते, यात शंका नाही. 1813 मध्ये स्टॉकहोम येथे त्यांनी व्यायामशिक्षणाची राष्ट्रीय संस्था उभी केली. परंतु त्यांचा सारा भर शरीराच्या हालचालींवर होता. आज मर्दनाचा विद्यार्थी पहिल्या दिवशी ज्या चार-पाच हातांची नावे घोकतो, ती फ्रेंच आहेत आणि त्यांचा संबंध लावला जातो तो एका डच डॉक्टराशी. लिंग यांचे 1839 मध्ये निधन झाले, तेव्हा हा मुलगा जेमतेम आठ महिन्यांचा होता.

योहान गेओर्ग मेट्सगर यांचा जन्म 22 ऑगस्ट 1838 रोजी ॲमस्टरडॅम येथे झाला. वडील खाटीक. योगायोग असा, की जर्मन भाषेत या आडनावाशी जुळणाऱ्या शब्दाचा अर्थही खाटीक असाच होतो. तरुणपणी ते व्यायामशिक्षक झाले. आखाडा असो वा व्यायामशाळा, पाय मुरगळणे तेथे रोजचेच. सूज कोठे उतरते, दुखरी जागा नेमकी कोणती, किती दाब सोसवतो, हे जाणण्यासाठी पुस्तकापेक्षा बोटांचा उपयोग अधिक होतो. मेट्सगर पुढे वैद्यकाकडे वळले आणि 1868 मध्ये लायडन विद्यापीठाला त्यांनी प्रबंध सादर केला, तो मुरगळलेल्या पायावर घर्षणाने करावयाच्या उपचारासंबंधीच.

विषय किरकोळ वाटेल. त्या काळी तो नव्हता. मुरगळलेला सांधा बांधून ठेवावा आणि रोग्याला दीर्घकाळ स्वस्थ निजवावे, अशी तेव्हाची रीत होती. सांधा बरा होई, पण आखडून बसे. मेट्सगर यांनी अंगठ्याने, खालून वर, हृदयाच्या दिशेने चोळून सूज हटवण्याचा आणि सांधा लवकर हलता करण्याचा मार्ग धरला. (आजचे वैद्यक आधी अस्थिभंग नाही याची खात्री करते, ताज्या दुखापतीवर जोरदार चोळणे टाळते आणि क्रमाक्रमाने वाढवलेल्या व्यायामावर अधिक विसंबते. मात्र सांधा उगाच जखडून ठेवू नये, हा त्यांचा मुद्दा टिकून राहिला.)

मालीश ही तोवर न्हावी, हमामखान्यातील सेवक आणि हाडवैद्य यांच्या हाताची गोष्ट. विद्यापीठाची पदवी घेतलेल्या माणसाने स्वतः बाह्या सरसावून रोग्याचे पाय चोळावेत, हे प्रतिष्ठितांना रुचणारे नव्हते. मेट्सगर यांनी ते केले, आणि तेही ॲमस्टरडॅमच्या आलिशान आम्स्टेल हॉटेलात. तेथे युरोपभरातून रोगी येऊ लागले. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ 1884 आणि 1885 मध्ये समुद्रकाठच्या झांडव्होर्ट गावी मुक्कामास राहिली, ती त्यांच्या उपचारांसाठीच. राजेरजवाड्यांच्या या वर्दळीमुळे मेट्सगर यांना कीर्ती मिळाली, पैसाही मिळाला. तथापि वैद्यकाच्या दृष्टीने त्यांच्याकडे येणारे दुसरे पाहुणे अधिक मोलाचे ठरले. ते होते परदेशी डॉक्टर.

कारण मेट्सगर लिहीत नसत. प्रबंधानंतर त्यांनी या विषयावर जवळजवळ काहीच लिहिले नाही. अंगठ्याचा दाब किती, गती किती, कोठे थांबायचे हे कागदावर उतरतच नाही. ते पाहून आणि स्वतः करून शिकावे लागते. म्हणूनच बर्गमान आणि हेलेडाय हे दोन स्वीडिश डॉक्टर ॲमस्टरडॅमला आले, त्यांची पद्धत शिकले आणि 1873 मध्ये त्यांनी ती आपल्या देशाच्या वैद्यकीय नियतकालिकात मांडली. लिंग यांच्या स्वीडनलाच मर्दनाचे धडे हॉलंडहून न्यावे लागले, हा इतिहासातील गमतीचा भाग.

अलगद हात फिरवणे म्हणजे एफ्लराज, कणकेसारखे मळणे म्हणजे पेत्रिसाज, बोटाच्या टोकाने खोल घर्षण म्हणजे फ्रिक्सिआँ आणि हलक्या चापट्या म्हणजे तापोतमाँ, ही वर्गवारी मेट्सगर आणि त्यांच्या शिष्यांच्या परंपरेतून रुळली. हे सारे केवळ हातगुण नव्हे, याचा पुरावा 1876 मध्ये जर्मन शल्यविशारद फोन मोझेनगाइल यांनी दिला. सशांच्या सांध्यांत शाई टोचून त्यांनी एक बाजू चोळली, दुसरी तशीच ठेवली. चोळलेल्या सांध्यातील शाई लसिकावाहिन्यांतून पुढे सरकली होती, न चोळलेल्या सांध्यात ती तशीच साचून होती.

यानंतर प्रश्न उरला तो हे काम कोणी करावे हा. 1889 मध्ये हॉलंडमधील व्यायामोपचारकांनी आपली संघटना स्थापली. लंडनमध्ये मालीशगृहांच्या आडून अनाचार चालतो, असा गवगवा झाल्यावर 1894 मध्ये चार परिचारिकांनी प्रशिक्षित मर्दनकर्त्या स्त्रियांची संस्था काढून परीक्षा सुरू केल्या. आजची ब्रिटनमधील भौतिकोपचारतज्ज्ञांची मोठी संघटना याच रोपट्यातून वाढली. हात चालवण्याच्या विद्येला प्रमाणपत्र लागू लागले.

मेट्सगर यांनी 1880च्या दशकाच्या उत्तरार्धात आपला उन्हाळी मुक्काम झेलंड प्रांतातील डोमबुर्ग या किनाऱ्यावरील खेड्याकडे वळवला. त्यांच्यामागोमाग श्रीमंत रोगीही तेथे आले आणि खेड्याचे आरोग्यस्थान झाले. रुमानियाची राणी एलिझाबेथही तेथे येऊन गेली. 1909 मध्ये पॅरिस येथे मेट्सगर यांचे निधन झाले. डोमबुर्गमध्ये त्यांचा अर्धपुतळा उभारण्यात आला आहे.