डॉ. अल्झायमर

घरांतील आजीला नातवाचें नांव आठवेनासें झालें, कीं आपण म्हातारपणाला बोल लावतों. परंतु तो पुष्कळदां मेंदूचा रोग असतो. हें दाखवून देणारे डॉ. आलोइस अल्झायमर १८६४ सालीं बव्हेरियांतील मार्क्टब्राइट गांवीं जन्मले.

१९०१ सालीं ते फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयांत असतां त्यांची पत्नी निवर्तली. तीन लहान मुलें मागें राहिलीं. त्याच वर्षीं आउगुस्टे डेटर ही ५१ वर्षांची स्त्री तेथें दाखल झाली. स्वतःचें नांव लिहितांना ती मध्येंच विसरे. अल्झायमर तिच्याजवळ बसून तिचीं उत्तरें टिपून घेत. पुढें ते म्युनिकला गेले, तरी तिची चौकशी सोडली नाहीं. १९०६ सालीं ती वारल्यावर त्यांनीं तिचा मेंदू मागवून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला, तों पेशींत गुंतलेले धागे आणि पेशींबाहेर सांचलेल्या गुठळ्या! ट्यूबिंगेनच्या विद्वत्सभेंत त्यांनीं हें सांगितलें. कोणीही प्रश्न विचारला नाहीं.

घडी बिघडून एकमेकांस चिकटलेल्या प्रथिनांचा तो केर होता, हें पुष्कळ वर्षांनीं कळलें. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानांत पडलेल्या लाकडाची वाळवी माती करते, तशी पेशींतही सफाई चालते. बिघडलेल्या प्रथिनावर खूण होऊन त्याचे तुकडे केले जातात. मोठा केर पिशवींत भरून लायसोसोम नांवाच्या कोठींत पचविला जातो. ही सफाई थकली, कीं केर सांचत जातो, असें शास्त्रज्ञ मानतात. त्यांतून मज्जापेशी बहुधा नवी होत नाहीं. जन्मभर तीच वागवावी लागते.

अल्झायमर १९१५ सालीं ब्रेस्लाउ येथें वारले. तेव्हां तेही ५१ वर्षांचेच होते. त्या बाईविषयींचीं हरवलेलीं टिपणें १९९५ सालीं फ्रँकफुर्टांत सांपडलीं.